थ्री-फेजचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या डोक्याची जाळी एका बाजूने चेपलेली आहे, बटण कधी लागतं, कधी लागत नाही, आणि मानेला गुंडाळलेली काळी चिकटपट्टी आता सुटायला आली आहे. हल्लीचे माइक शर्टाच्या गुंडीला अडकून बसतात आणि कुणाला दिसतही नाहीत. मी मात्र चांगला मूठ भरेल एवढा आहे आणि वजनालाही बरा आहे. औशातल्या एका घरात, खिडकीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझे फोटो काढायला लातूरहून, नांदेडहून, कधी पार पुण्याहून मुलं येतात. पण मला हात लावायला ती घाबरतात. या माइकमधून एक मेलेला माणूस गायला होता, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं आहे.

ही अफवा खोटी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती कशी उठली आणि तिच्यापायी एका आईचं काय हरवता हरवता राहिलं, ते सांगायला आज मी तोंड उघडलं आहे. एरवी बोलणं माझ्या स्वभावात नाही. माझा जन्म ऐकण्यासाठी झाला आणि ते काम मी मन लावून केलं.

माझी जोडणी दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाली. तिथल्या एका बाईने माझ्या आत बारीक तारेचं वेटोळं बसवलं, त्यावर पातळ पडदा लावला आणि जाळीवर फुंकर मारून पाहिली. मग खोकं, रेल्वे, लातूरचं दुकान असं करत करत मी शरणप्पांच्या हाती पडलो. शरणप्पांचं औशाच्या बाजारात भुसाराचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि आवाज असा खणखणीत की यांना माझी गरजच काय, असं मला वाटायचं. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मठ होता. तिथल्या शिवभजनासाठी त्यांनी मला घेतलं होतं.

ते दिवस माझ्या मानाचे होते. श्रावणातल्या सोमवारी भजनाला मी पुढे, टाळ-मृदंग मागे. लग्नसराईत लोक मला मागून न्यायचे. वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं, हे वाक्य माझ्याइतक्या वेळा कुणी ऐकलं नसेल. आठवडी बाजारात हरवलेल्या पोरांची नावं मीच गावाला ऐकवली. एकदा एका हरवलेल्या म्हशीचं वर्णन मी इतकं स्पष्ट पोचवलं की तिचे तीन मालक हजर झाले. लोक शरणप्पांचं कौतुक करायचे आणि शरणप्पा माझं. "माल अस्सल हाय," असं म्हणून ते माझ्या जाळीवर टिचकी मारायचे. ती टिचकी मला फार आवडायची, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

शरणप्पा लिंगैक्य झाले, म्हणजे वारले, आणि मी त्यांच्या मुलाकडे, सोमेशकडे आलो. सोमेश लातूरला कॉलेजात शिकत होता. केस मानेपर्यंत वाढवलेले, हातात इलेक्ट्रिक गिटार. त्याची आई नीलाबाई. कर्नाटकची हद्द जवळ, घरात थोडी कानडी झिरपलेली, म्हणून तो आईला अव्वा म्हणायचा. दुकान आता नीलाबाईच चालवायच्या. पोरगा दुकानात बसत नाही म्हणून त्या दिवसभर कुरकुरायच्या आणि संध्याकाळी त्याच्या ताटात तूप जास्त वाढायच्या.

सोमेशने दोन मित्रांना घेऊन बँड काढला. ड्रम वाजवायला मुखेडचा बजरंग आणि बेस गिटारवर लातूरचा रविकिरण. तेव्हा आमच्याकडे विजेचं भारनियमन जोरात होतं. शेतीची थ्री-फेज लाइट ठरलेल्या वेळी यायची आणि ती आली की सगळं शिवार जागं व्हायचं. हे तिघं जण, आणि लाइट आली तरच वाजवणार, म्हणून बँडचं नाव पडलं थ्री-फेज.

"नाव बरं ठेवलंय," नीलाबाई म्हणाल्या. "कवा येतंय, कवा जातंय, भरवसाच न्हाई."

त्यांचा पहिला अल्बम 'कोरडवाहू' हैदराबादच्या एका स्टुडिओत झाला. मला तिकडे नेलं नाही. तिथे म्हणे चकचकीत माइक होते. मी महिनाभर रुसून बसलो होतो, पण माझा रुसवा कुणाच्या लक्षात आला नाही. त्या अल्बमचं मात्र नाव झालं. टँकरमागे पळणाऱ्या घागरी, लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीतली पोरं, एसटीच्या पासवरचा जुना फोटो, असल्या विषयांवर मराठीत रॉक गाणी कुणी केली नव्हती. लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत ती कॅसेट घासली जाईपर्यंत वाजली.

दुसरा अल्बम मात्र सोमेशला घरीच करायचा होता. हैदराबादच्या बंद, गार खोलीत त्याला आपला आवाज परका वाटला होता. "अव्वा, आपल्या मागच्या खोलीत करतो," तो म्हणाला. नीलाबाईंनी त्या खोलीतली ज्वारीची पोती दुकानात हलवली आणि माझं नशीब उघडलं. पंख्याच्या हुकाला मला खोलीच्या मधोमध, सोमेशच्या तोंडाशी येईल असं टांगलं. भोवती तिघं जण वाजवायचे आणि त्या सगळ्यांचं मी एकटा ऐकायचो. उदगीरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मागून आणलेलं टेपचं मशीन कोपऱ्यात असायचं. मी ऐकलेलं तारेतून त्याच्याकडे जायचं आणि ते कॅसेटवर उतरायचं.

गावाची लाइट दुपारी थ्री-फेजच्या वेळेतच मिळायची, म्हणून गाणी भर दुपारी व्हायची. त्याच वेळी शिवारातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. खोलीतला बल्ब निखाऱ्यासारखा लाल होऊन बसायचा. खिडकीतून मठातल्या दुपारच्या प्रसादाची घंटा यायची. बजरंग चिडायचा, पण सोमेश म्हणायचा, "येऊ दे की. ती बी आपल्याच गल्लीतली हाय."

मित्रांनो, सोमेशचा आवाज मी सगळ्यात जवळून ऐकला आहे. जाड, किंचित घोगरा, आणि शब्दाच्या शेवटी जरासा खाली बसणारा. तो गायचा तेव्हा त्याच्या श्वासाची ऊब माझ्या जाळीला लागायची. मी तो आवाज होता तसा पुढे दिला. त्यात माझ्या पदरचं काही घातलं नाही आणि काही ठेवूनही घेतलं नाही. गाणं झालं की ते तिघं मशीनवर ते लगेच ऐकायचे, त्याच दुपारी, त्याच लाल बल्बाखाली. आणि ते अगदी बरोबर वाजायचं.

मूळ कॅसेट नांदेडच्या एका दुकानात गेली. गाण्यांच्या मधली बडबड कापून तिच्या प्रती निघाल्या. अल्बमचं नाव होतं 'बाभळीखाली'. पहिली प्रत घरी आली तेव्हा तिघं मोठ्या उत्साहाने शेजाऱ्यांच्या, सेलवर चालणाऱ्या टेपवर ऐकायला बसले आणि त्यांचे चेहरे उतरले. गाणी पळत होती. त्यांत सोमेश नव्हताच. बारीक, थरथरता, ना बाईचा ना पुरुषाचा असा कुणाचा तरी आवाज गात होता. सोमेशने दुकानदाराला जाब विचारला. दुकानदाराने मूळ कॅसेट लावून दाखवली, तर तिच्यातही तेच. लातूरच्या पोरांनी चेष्टा केली की थ्री-फेजने यंदा उंदीर गायला बसवलाय.

सोमेश कितीतरी वेळ माझ्यासमोर येऊन बसायचा, काही न गाता. "असा हाय का रे माझा आवाज?" असं त्याने एकदा मला विचारलं. मी काय सांगणार! मला कानच आहेत.

त्याच पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. लातूरच्या दवाखान्यात नेला, तिथून तो परत आलाच नाही. आमच्या लिंगायत घरांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. कपाळभर विभूती लावून, गळ्यात हार घालून सोमेशला खुर्चीत बसवला होता. पुढे भजन चाललं होतं आणि त्या भजनाला मीच होतो. ज्या जाळीला त्याचे ओठ लागायचे, तिच्यातूनच त्याला पोचवणारं भजन गावाने ऐकलं. कितीतरी गळे माझ्यात गात होते, पण मला त्यांच्या मागे त्याचा श्वास लागल्यासारखा वाटत होता. मी घाबरलो होतो.

घरी आल्यावर नीलाबाईंनी मला धुतल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. "ह्याच्यातून आता कुणी बोलायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी मला ट्रंकेत ठेवलं. माझ्याशेजारी नांदेडहून परत आलेली ती मूळ कॅसेटही ठेवली. ट्रंकेत आम्ही दोघंच होतो, एकाच माणसाचे दोन साक्षीदार, आणि आमच्या साक्षी जुळत नव्हत्या. मी म्हणायचो, त्याचा आवाज असा होता. ती गप्प पडून असायची, पण तिच्यात तो दुसरा आवाज होता, हे मला ठाऊक होतं. वर्षं जात राहिली. कधी कधी मला वाटायचं, मीच चुकीचं ऐकलं असेल. जे जगाने ऐकलं तेच खरं असेल आणि मी इतकी वर्षं जो जपून ठेवला, तो सोमेश कधी नव्हताच.

आता नवी गोष्ट सुरू होते. राजशेखर नावाचा एक मुलगा नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. वसतिगृहातल्या जुन्या कपाटात त्याला 'बाभळीखाली'ची कॅसेट सापडली. 'कोरडवाहू' त्याने आधी ऐकला होता. हा दुसरा अल्बम रद्दी आहे असं सगळे सांगायचे, म्हणून त्याने तो मुद्दाम ऐकला आणि तो आवाज त्याच्या मानगुटीवर बसला. पुढे नोकरीला लागल्यावर त्याने सगळी गाणी इंटरनेटवर चढवली आणि वर लिहिलं, 'मेल्यावर गायलेला अल्बम'. ही कॅसेट नांदेडच्या वसतिगृहांपर्यंत पोचली ती सोमेश गेल्यानंतर, एवढाच त्याला आधार होता. बाकीचं काम लोकांनी केलं.

आणि लोक खुळावले! ज्याला उंदीर म्हणून हसले होते, तो आवाज आता त्यांना पलीकडून आलेला वाटू लागला. कुणी लिहिलं, हे ऐकताना घरातला दिवा लावावा लागतो. कुणी लिहिलं, 'कोरडवाहू' हे पोरांचं काम होतं, खरा थ्री-फेज तो हाच. मोठमोठे लेख आले. बँडच्या दोन्ही अल्बमांची नव्याने तुलना झाली आणि पहिला मागे पडला. खरं सांगायचं तर गाणी चांगलीच होती. लोकांना उशिरा का होईना त्यांची किंमत कळली, याचं मला बरं वाटायला हवं होतं.

पण ट्रंकेत मला काय ऐकू यायचं, ते सांगतो. खिडकीखालच्या रस्त्याने पोरं मोटरसायकलवर जायची आणि त्यांच्या मोबाइलवर तो बारीक आवाज वाजायचा. नीलाबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या. एकदा त्या लातूरला जायला एसटी स्टँडवर उभ्या होत्या, तर शेजारच्या मुलीचा फोन वाजला आणि त्यातून तोच आवाज निघाला. त्या घरी परत आल्या आणि शेजारणीला हे सांगितलं. लातूरला गेल्याच नाहीत. गेलेल्या पोराच्या नावाने कुणीतरी भलताच गावभर हाका मारत फिरतोय, असं त्यांना वाटत असणार.

एका दुपारी राजशेखर औशाला आला. त्याच्यासोबत मंजुश्री होती, लातूरची, त्याच्यासारखीच थ्री-फेजच्या चाहत्यांच्या गटातली. तिला ध्वनिमुद्रणाचं काम येत होतं. अल्बम नव्याने काढायचा म्हणून त्यांना मूळ कॅसेट हवी होती.

"काकू, तुमच्या मुलाला लोक आता डोक्यावर घेऊन राहिलेत," राजशेखर म्हणाला. "हा आवाज कुणाकडेच न्हाई."

"नसंल," नीलाबाई म्हणाल्या. "माझ्या पोराकडं बी नव्हता."

"म्हणजे?"

"तो सोमेश न्हाई, बाळा. कुणाचा हाय मला ठावं न्हाई. पर माझा न्हाई."

राजशेखर मवाळ हसला. आईचं मन आहे, मान्य करत नाही, असं त्याला वाटलं. मंजुश्री मात्र हसली नाही. तिने विचारलं, "मग त्यांचा आवाज कसा होता, काकू?"

नीलाबाई म्हणाल्या, "तेच तर सांगता येईना, माय. फोटो हाय, चेहरा दिसतो. कपडे हायती. आवाज कुटं ठिवावा? आधी रोज यायचा कानात. मग कमी झाला. आता लई ताणून आठवते, तर टीव्हीतला कुणाचा तरी येतो. आन् रस्त्यानं ह्यो दुसरा वाजून राहिला. उद्या मला बी ह्योच खरा वाटंल. त्याची मला लई भीती वाटती."

ट्रंकेच्या पत्र्यातून मी ते ऐकलं. एवढी वर्षं मीही त्याच भीतीत काढली होती आणि हे बोलायला मला कुणी मिळालं नव्हतं.

तेवढ्यात मठात प्रसादाची घंटा वाजली. मंजुश्रीने मान वर केली. "ही घंटा!" ती म्हणाली. "शेवटच्या गाण्यात हीच आहे. पण गाण्यातली बारीक वाजते, पूजेतल्या छोट्या घंटीसारखी." मग ती राजशेखरकडे वळली. "घंटा तर मेली नव्हती ना?"

तिने नीलाबाईंना कॅसेट मागितली आणि कॅसेटबरोबर मीही बाहेर निघालो. लुगड्याचा तुकडा सुटला. इतक्या वर्षांनी उजेड, वारा आणि समोर एक अनोळखी मुलगी. तिने मला पुसलं, आपल्या यंत्राला जोडलं आणि खिडकीत धरलं. "हाच होता ना तेव्हा? मग यालाच पुन्हा ऐकू द्या." नीलाबाईंनी अडवलं नाही. त्यांनी मठात निरोप धाडला आणि पुजाऱ्याने आणखी एकदा घंटा वाजवली. मी ऐकली. माझं बटण लागेल की नाही, या काळजीने मी अर्धा झालो होतो, पण ते लागलं.

मंजुश्रीने ती घंटा आणि कॅसेटमधली घंटा शेजारी शेजारी ठेवून ऐकली. मग खाली जमिनीवर बसून तिने समजावून सांगितलं. "काकू, थ्री-फेज आली की शिवारातल्या मोटारी चालू व्हायच्या आणि घरातली लाइट पडायची, म्हणजे तिचा दाब कमी व्हायचा. त्यामुळे टेप हळू फिरायची. हळू भरलेलं गाणं पुढे चांगल्या लाइटवर किंवा सेलवर वाजवलं की ते पळतं आणि आवाज बारीक होतो. त्या तिघांनी तेव्हा ऐकलं ते पण पडलेल्या लाइटवर, म्हणून त्यांना कळलं नाही. घंटा जुळेपर्यंत मी टेप हळू करते. घंटा जुळली की बाकीचंही जुळेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या जाळीचा ताण सैल झाल्यासारखं वाटलं. मी चुकीचं ऐकलं नव्हतं.

राजशेखरचा चेहरा मात्र पडला होता. "मंजू, लोकांना हाच आवाज आवडलाय," तो म्हणाला. "तू तो सरळ केलास तर राहतं काय? औशाच्या तीन पोरांचा एक साधा अल्बम."

"मग तेवढाच राहू दे," ती म्हणाली.

तो तिच्याशी बराच भांडला. मी त्याला दोष देत नाही. वसतिगृहात एकटा पडलेला असताना त्या आवाजाने त्याला सोबत केली होती. ते भूत त्याच्यासाठी खरं होतं आणि ती मुलगी ते भूत उतरवायला बसली होती. पुढे नवा अल्बम निघाला तेव्हा त्यांच्या गटात दोन तट पडले. 'आमचं भूत परत द्या' असं लिहिणारेही निघाले. काहींनी 'कोरडवाहू' पुन्हा काढून ऐकला आणि दोन्हीकडे एकच माणूस गातोय हे त्यांना पहिल्यांदा कळलं. ते सगळं नंतरचं. मला त्या आधीच्या एका दुपारचं सांगायचं आहे.

मंजुश्री आपलं यंत्र आणि छोटा स्पीकर घेऊन पुन्हा आली. राजशेखरही आला, दाराशीच उभा राहिला. मी खिडकीतल्या फळीवर होतो. नीलाबाई भिंतीला टेकून सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मुद्दामच काम काढलं असावं. रिकाम्या हातांनी ते ऐकणं त्यांना जमलं नसतं.

गाणं सुरू झालं. बजरंगचा ड्रम जड होऊन आला, गिटार खाली उतरली, मागे मठाची घंटा जशी आहे तशी वाजली. आणि सोमेश गायला लागला. जाड, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली बसणारा. माझ्यापुरतं तिथेच सगळं मिटलं होतं. मी नीलाबाईंकडे पाहत होतो. त्यांचा हात सुपात थांबला. मान एका बाजूला कलली. गाणं संपत आलं तरी त्या तशाच.

"काकू?" मंजुश्रीने हळूच विचारलं.

"असंल," नीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तर असंल. जवळचा वाटतोय. पर माय, माझ्यापुढं तो कदी गायलाच न्हाई. लाजायचा. त्या पयल्या कॅसेटीतला बी मला परकाच वाटायचा, गाणारा सोमेश मला ठावा न्हाई गं." आणि त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या, भरभर, खडे न पाहता.

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या खटाटोपानंतर तिच्या हाती काही लागलं नव्हतं. राजशेखरने खाली मान घातली. यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. मूळ कॅसेटच होती ती. नांदेडच्या दुकानात कापलेलं सगळं तिच्यात शाबूत होतं. गाणं संपलं तरी टेप चालत राहिली. खोलीतली खुर्ची सरकली, कुणीतरी खोकलं, बजरंग कशावर तरी हसला, गिटारची एक तार पिळली गेली. मग सोमेशचा आवाज आला, माझ्याकडे पाठ करून दाराकडे टाकलेला, रोजचा, थोडा वैतागलेला.

"अव्वा, लाइट जाईल आता. चहा ठेव की."

"ठेवते रे," नीलाबाई म्हणाल्या.

त्या उठल्यासुद्धा. सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. शेजारच्या खोलीतल्या माणसाला उत्तर द्यावं, इतक्या सहज त्या बोलल्या होत्या. भांड्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, काडी ओढल्याचा आला. मग सगळं थांबलं. आपण कुणाला उत्तर दिलं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. भिंतीपलीकडून मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. इकडे सोमेश अजून बोलतच होता, बजरंगला काहीतरी चिडवत होता, तार लावत होता. मंजुश्री घाबरली. तिने हात पुढे करून यंत्र बंद केलं.

"बंद करू नको गं," आतून नीलाबाई म्हणाल्या. "चहा हुईस्तोवर बोलू दे त्याला."

मंजुश्रीने यंत्र पुन्हा लावलं. राजशेखर दारातच खाली बसला आणि भिंतीला डोकं टेकून ऐकू लागला. आत चहा उकळत होता आणि नीलाबाई मोठ्याने रडत होत्या. आपल्या पोराचं बोलणं झाकलं जाऊ नये म्हणून मध्ये मध्ये त्या थांबायच्या.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि मला फार काही नको. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना ट्रंकेत टाकण्याआधी त्यांनी काय ऐकलं होतं, ते एकदा नीट विचारून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझ्यासमोर बसवून भाषणं करायला लावू नका, गाणी तर मुळीच नकोत. ते चष्मा शोधताना ओरडतील, जेवायला हाक मारतील, चहा मागतील, तेव्हा ऐकून ठेवा. नंतर घरात तेच कुणी म्हणत नाही.